काळी मेंढरं

सकाळच्या कोवळ्या उन्हात तापू लागलेल्या भिंतीवर ओल्या रंगाचा एक विलक्षण गंध दरवळत असतो. किंचित उग्र, किंचित गोडसर, आणि नव्या वहीसारखा हुरूप आणणारा! जालना रोडच्या मागच्या गल्लीत परवा त्या गंधानं माझी पावलं थबकली. वर पाहिलं, तर दोन मजली उंचीचा एक मेंढपाळ खांद्यावर काळं घोंगडं टाकून, भोवती पांढऱ्याशुभ्र मेंढ्यांचा कळप घेऊन, निवांत उभा होता.

आमचं संभाजीनगर पायीच पाहावं, अशा ठाम मताची मी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज तासभर चालते, आणि स्कूटरवरून तीस वर्षं पाहिलेलं शहर निव्वळ सिग्नलचं होतं, हे आता कबूल करते. पायी चालणाऱ्याला भिंती वाचता येतात. कुठे जुन्या पेंटरनं रेखलेली मराठी-उर्दू अक्षरं, कुठे क्लासच्या जाहिरातीखालून अजून डोकावणारा कुणा विस्मृत पहिलवानाचा दंड, आणि अलीकडे पोरापोरींनी रंगवलेले मोर नि अंतराळवीर! आणि पब? ज्या काळ्या काचांकडे मान वळवायची नाही, असं वळण आमच्या भिक्षुकी-कारकुनी घराला पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं, त्यांच्याआड सकाळी दहाला काय चाललेलं असतं, सांगू? टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, ओली फरशी, आणि दारात उतरणारी लिंबांची पोती. लग्नघराच्या मागच्या दाराशी याहून वेगळं काय असतं? इतकी वर्षं मी उगाचच रस्ता ओलांडून पलीकडून जात होते.

तो मेंढपाळही अशाच एका नव्या पबच्या बाहेरच्या भिंतीवर होता. आणि शिडीवर, पाठमोरी, हातात ब्रश घेऊन उभी होती माझी मुलगी मुक्ता!

‘एका हॉटेलची भिंत’ एवढंच तिनं मला सांगितलं होतं, लबाड कुठली. वाळूजच्या कारखान्यातली इंजिनियरची कायम नोकरी तिनं भिंती रंगवण्यासाठी सोडली, तेव्हा मी तिला एक वर्षाची मुदत घातली होती. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा शिफ्टची बस. ते वर्ष याच महिन्यात संपत होतं. ही तिची पहिली मोठी भिंत; मालक खूश झाला तर त्याच्या आणखी दोन जागा तिला मिळणार होत्या, आणि उद्घाटन त्याच संध्याकाळी होतं. आणि मी? वर्षभर नातेवाइकांना सांगत होते, मुक्ता सध्या घरीच असते.

मी हाक मारणार, तोच शेजारच्या बांधकामावरची एक बाई डोक्यावरचं घमेलं उतरवून भिंतीपुढे येऊन उभी राहिली.

“पोरी, ही मेंढरं कुठली गं?”

“आपल्याकडचीच, मावशी,” मुक्ता वरून म्हणाली.

“व्हय? आमच्या घरी लई मेंढरं व्हती. एकबी असलं पांढरंफेक नव्हतं. अन् ह्या बाबाच्या अंगावर काळं घोंगडं हाय, ते काय पांढऱ्या लोकरीचं विणलं?”

किती साधी गोष्ट! आपल्या माळरानावरची मेंढरं काळी, म्हणून घोंगडं काळं. त्याला रंग द्यावा लागत नाही. मुक्तानं मोबाइलवरच्या कुठल्यातरी परदेशी कुरणातला कळप उचलून आणला होता. माझ्या जिभेवर शब्द आले होते, ‘राहू दे गं, चालतंय.’ तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसून मी तेच म्हणत आले आहे, आणि त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

मुक्ता खाली उतरली. तिचे कान लाल झाले होते.

“शेपूट तरी बरोबर आहे का, मावशी?”

“नाय. एवढुसं असतंय,” बाईनं बोटाची दोन पेरं दाखवली.

मग मुक्ताला मी दिसले. “आई, अकरा मेंढ्या आहेत. संध्याकाळपर्यंत नाही होणार गं!”

“मी बोलते मालकाशी,” म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा पबचं दार ढकलून आत गेले.

मालक मुक्ताच्याच वयाचा. “काकू, चित्र एक नंबर झालंय. मेंढ्यांचा रंग कोण बघतंय?”

“बाहेर एक बाई उभी आहे, तिनं बघितलाय.”

“पण तुम्ही कोण?”

“मी चित्रकाराची आई.”

चित्रकार! हा शब्द वर्षभरात माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, आणि निघाला तो असा खणखणीत की मीच दचकले. मालक मात्र विरघळला नाही. अर्धवट भिंत पाहुण्यांना दाखवावी लागली तर पुढच्या दोन जागांचं काही खरं नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. तो निरोप मुक्ताला कोणत्या शब्दांत द्यावा, याची जुळवाजुळव करत मी बाहेर आले.

तर मुक्ता पुन्हा शिडीवर! एक मेंढरू काळं झालं होतं, दुसऱ्याच्या पाठीवर ब्रश फिरत होता, आणि खाली ती बाई कमरेवर हात ठेवून कान कसे लोंबते हवेत ते सांगत होती. मालक काय म्हणाला, हे मुक्तानं मला विचारलंच नाही. वर्षाच्या मुदतीबद्दल तिला काही विचारावं, असं मलाही मग वाटलं नाही.