दोनदा ‘हो’

टॅक्सी स्टँडवर सगळे त्यांना बहिरोबा म्हणायचे, तेव्हा त्यांचे कान चांगले शाबूत होते. मागच्या सीटवर बसून लोक काय काय बोलतात, हे ज्याने टॅक्सी चालवली त्यालाच माहीत. सासूची उणीदुणी, भावाभावांची भांडणं, दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत दाबून ठेवलेलं रडणं. बाकीचे ड्रायव्हर ते सगळं मीठमसाला लावून एकमेकांना सांगायचे. यांना विचारलं की हे म्हणायचे, “आपल्याला नाही बुवा ऐकू आलं.” म्हणून बहिरोबा. म्हातारपणी ते नाव तंतोतंत खरं झालं. ज्याने ठेवलं त्याच्या तोंडात त्या दिवशी कुणीतरी साखर घातली असावी.

मागे कुणी रडत असलं की बहिरोबा दोन गोष्टी करायचे. समोरचा आरसा बोटाने ढकलून आभाळाकडे करायचे, आणि गाडी तळ्याकाठच्या लांबच्या रस्त्याने, लोखंडी पुलावरून काढायचे. जास्तीचं भाडं कधी घेतलं नाही. माणसाचं रडून होईपर्यंत त्याचं घर येऊ द्यायचं नाही, एवढाच हिशेब. सुट्टीच्या दिवशी लेक पुढच्या सीटवर बसलेली असायची. तिने एकदा विचारलं होतं, “बाबा, आरसा वर का केलात?”

“गप. आभाळ बघतोय.”

लेक तेव्हा एवढीशी होती, पण तिला कळलं. पुढे आरसा वर गेला की ती आपण होऊन खिडकीबाहेर बघायला लागायची. एरवी ती गप्प बसणारी नव्हती. तान्ही असताना तिचं रडणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून बापाने तिचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याच नावाने हाक मारून सगळ्यांना हसवलं होतं.

त्या भोंग्याचाच आवाज आता त्यांना ऐकू येत नव्हता. लेक दूरच्या शहरात राहायची, आणि इकडे ऊन उतरायला लागलं की तिचा फोन यायचा. आधी आईशी बोलायची. मजेत आहे, जेवले, काम खूप आहे, जावई दौऱ्यावर. मग म्हणायची, “बाबांना दे.” आणि बाबांशी तासभर बोलायची. बाबांच्या कानात नुसती वाळलेली पानं सरकल्यासारखी खसखस व्हायची. ते मधूनमधून “हो, हो” म्हणायचे.

यातली गोम अशी, की नीट ऐकू आलं तर बहिरोबा एकदाच ‘हो’ म्हणतात. ऐकू आलं नाही की दोनदा. ही युक्ती आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं त्यांना वाटायचं. घरातल्या मांजरालासुद्धा ती माहीत होती. अशाच एका ‘हो, हो’पायी भाजीवाल्याने घरी कोबीचे सहा गड्डे पोचवले होते आणि बायकोने आठवडाभर त्यांना दुसरं काही खाऊ दिलं नव्हतं. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते कानात शिट्ट्या मारायचं. सध्या ते चष्म्याच्या डबीत झोपलेलं असतं.

“माझ्याशी दोन मिनिटं, आणि तुमच्याशी तासभर,” बायको म्हणायची. “काय एवढं बोलते हो ती?”

“अगं, नेहमीचंच.”

हे मात्र त्यांना लागायचं. रोज तासभर लेक काहीतरी सांगते आणि त्यातलं एक अक्षर आपल्या हाती लागत नाही. तिला सांगायची लाज, बायकोला विचारायची लाज. एकदाच, फक्त एकदाच तिचं बोलणं नीट ऐकू यावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आयुष्यभर लोकांचं नको ते ऐकलं आणि पोटच्या पोरीचं ऐकायची वेळ आली तेव्हा कान संपावर गेले.

गाडी अजून होती. शेवटची टॅक्सी त्यांनी विकली नाही, निळी रंगवून घेतली आणि अंगणात लावली. रोज धुवायचे, आणि धुऊन झाली की काचा वर करून आत बसायचे. आत जुना कॅसेटचा टेप, त्यात रेडिओ, दारांत दोन आणि मागे दोन असे भले मोठे स्पीकर. एका संध्याकाळी असेच डोळे मिटून बसले असताना त्यांच्या लक्षात आलं की रेडिओवरची बाई बातम्या देतेय आणि आपल्याला सगळं कळतंय. कानातून येत होतं की दारातून, सीटमधून, पाठीच्या कण्यातून, देव जाणे. पण शब्द न् शब्द येत होता. बहिरोबांनी डोळे उघडले. ही परकी बाई कळते, तर आपला भोंगा का नाही कळणार?

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन स्टिरिओवाल्या वहिनींच्या दुकानात गेले. ते स्पीकर त्याच दुकानातून बसवलेले होते. वहिनी खणखणीत आवाजात बोलायच्या, त्यामुळे बहिरोबांची त्यांच्यावर मर्जी होती.

“काका, हा टेप काढून टाका. पडद्याचा नवीन बसवते.”

“नको. याच्याशी माझं जुळतं.”

वहिनींनी खणातून शेपटीसारखी वायर असलेली एक कॅसेट काढली. वायरचं टोक फोनला लावायचं, कॅसेट टेपमध्ये घालायची. त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. “याला तर भोकच नाही! हल्लीच्या फोनना कानच ठेवत नाहीत.”

“मग आमचं जमेल,” बहिरोबा म्हणाले.

टेपलाही ती कॅसेट मान्य नव्हती. आत ढकलली की जीभ दाखवावी तशी बाहेर काढायचा. शेवटी वहिनींनी बोटभर लांबीची एक वस्तू आणली आणि सिगारेट पेटवायच्या भोकात बसवली. तिच्यावर बारीक निळे आकडे उमटले.

“हे छोटं रेडिओ स्टेशन समजा. फोन याला सांगतो, हे रेडिओला सांगतं. गाणंही येईल, फोनवरचं बोलणंही येईल. फक्त रेडिओवर रिकामी जागा शोधायला हवी, जिथे दुसरं कुणी बोलत नसेल.”

मग दोघं जण काचा वर करून ती जागा शोधत बसले. वहिनी बटण हळूहळू फिरवत होत्या. एक गाणं आलं आणि गेलं. कुणीतरी पिकांचे भाव सांगत होता, तोही विरला. कुणी हसलं. आणि मग एका ठिकाणी काहीच नव्हतं, नुसती मऊ, एकसारखी सरसर. बहिरोबांना ती इतकी आवडली की त्यांनी वहिनींचा हात धरून थांबवला. या सगळ्या गजबजाटात एवढी जागा आपल्या लेकीसाठी कुणीतरी राखून ठेवली होती, असं त्यांना वाटलं. वहिनींनी तोच आकडा त्या बोटभर स्टेशनवर लावला, सरसर थांबली, आणि गाडीत स्वच्छ शांतता पसरली. उतरता उतरता त्यांनी टेपचं आणखी एक बटण पूर्ण फिरवून ठेवलं, म्हणजे अक्षरं कोरडी आणि स्पष्ट येतील.

त्या दिवशी बहिरोबा दुपारभर एकच वाक्य घोकत होते. ‘अगं भोंग्या, मला ऐकू येतंय!’ फोन आला. बायकोने तिची दोन मिनिटं संपवून फोन दिला, तसे ते तो घेऊन अंगणात निघाले.

“कुठे चाललात?”

“इथे रेंज नाही.”

“आत्ता मी बोलत होते ती काय हवेत?” बायको म्हणाली. पण हे त्यांना नेमकं ऐकू आलं नाही.

काचा वर केल्या. किल्ली अर्धी फिरवली. कानाशी धरलेला फोन एकदम मुका झाला, आणि पुढच्याच क्षणी चारही बाजूंनी, गुडघ्यांपाशी, मानेमागे, सगळीकडून त्यांची लेक बोलायला लागली. इतकी जवळ ती पुढच्या सीटवर असतानाही नव्हती. बहिरोबांचे डोळे भरून आले. ते वाक्य अगदी जिभेवर होतं.

“...आज सकाळीही दोन कप काढले, बाबा. एक परत ठेवला. सवय जात नाही. घरात शिरवत नाही म्हणून जिन्यात बसलेय, आता तुमच्याशी बोलून झालं की कुलूप उघडेन. आईला वाटतं तो दौऱ्यावर आहे. कसला दौरा? त्याने सामान नेलं तेव्हा मी दार धरून उभी होते, लिफ्टपर्यंत जड बॅग लोटायला मदतसुद्धा केली. वेडी मी.” ती जरा हसली. “बरं झालं तुम्हाला ऐकू येत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि कुणाला कळायला नको होतं.”

जिभेवरचं वाक्य तिथेच राहिलं. ते आता बोललो, तर उद्यापासून दोन मिनिटांच्या फोनवर आपणही ‘मजेत आहे’च ऐकणार, हे बहिरोबांना लख्ख कळलं. आणि न बोलावं, तर पोर तिकडे जिन्यात एकटी बसलेली.

“हो, हो,” ते म्हणाले. मग त्यांनी बोटाने आरसा आभाळाकडे केला आणि गाडी सुरू केली.

“गाडीत आहात का, बाबा?”

“हो, हो.”

ती पुन्हा बोलायला लागली. बाजारातून जाताना कुठलंसं गाणं तिच्या बोलण्यात घुसलं, आणि काही वेळ लेक आणि ते गाणं एकमेकांत मिसळून वाहत राहिलं. दुकानं मागे पडली, घरं विरळ झाली, तसं गाणं आपोआप सुटलं. आरशात संध्याकाळचं फिकट गुलाबी आभाळ सरकत होतं. आता तळं आलं. पाणी, झाडं आणि तिचा आवाज, एवढंच काय ते जगात होतं. बहिरोबा गाडी अगदी हळू चालवत होते. कितीतरी वर्षांनी गाडीत सवारी बसली होती.

मग लोखंडी पूल आला. चाकांखाली पत्रे वाजले, खड खड खड. आणि स्पीकरमधला आवाज थांबला.



“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हा तळ्यावरचा पूल ना?”

बहिरोबांची नजर आरशातल्या आभाळाकडे गेली.

“आरसा वर केलाय?”

आता यावर दोनदा म्हणायचं की एकदा, हे त्यांच्याच हातात होतं. त्यांनी गाडीचा वेग आणखी कमी केला.

“हो,” ते म्हणाले.

आणि मग चारही स्पीकर भरून, काचा थरथरवत, तीन घरं पलीकडे जाईल असा त्यांचा भोंगा रडायला लागला. पुढे घराकडचं वळण आलं, आणि बहिरोबांनी ते जाऊ दिलं.