पुस्तकातली ओहोटी

सन एकोणीसशे एक्याण्णव. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि माझा डावा कान जवळजवळ गेलेला. त्या बाजूने बायको काही बोलली की मी न ऐकताच हो म्हणायचो आणि मग दिवसभर निस्तरत बसायचो.

धंदा रेतीचा. डोंबिवलीच्या खाडीत होडी न्यायची, तळात लांब बांबू रोवायचा, छातीत हवा भरून त्या बांबूच्या आधाराने खाली उतरायचं, लोखंडी बालदी रेतीने भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा. वरचे दोघे ओढून घेतात. याला डुबी म्हणतात. खाली डोळे उघडून काही दिसत नाही. पायाच्या अंगठ्याला कळतं, ही स्लॅबची जाड रेती, ही प्लास्टरची बारीक, हा नुसता चिखल. ही विद्या मी बापाकडे शिकलो. दुसऱ्या शाळेत चौथीपर्यंत गेलेलो. तिथलं आता एक अक्षर कामाला येत नाही, हे लिहायला येतंय तेवढंच.

हल्ली घरातली पोरं 'स्टार्टअप, स्टार्टअप' करतात, जशी काय ती कालच कोणाला तरी सुचलेली गोष्ट. अरे, ते खूळ मी तेव्हाच बघून बसलोय. त्या वर्षांत डोंबिवलीत ज्याला त्याला कंपनी काढायची हुक्की आलेली. आठवडाभर मुंबईत दुसऱ्याच्या टेबलावर मान मोडायची आणि रविवारी उद्योजक व्हायचं. कोणी बाल्कनीत मशरूम लावले, कोणी गच्चीवर ससे पाळले, कोणी खडू पाडायचं मशीन आणलं. ससे मेले. खडू फळ्यावर उमटेनात. मशरूम घरच्यांनीच खाऊन संपवले. पण लेटरहेड प्रत्येकाकडे होतं, आणि व्हिजिटिंग कार्डावर प्रत्येक जण डायरेक्टर. धंदा काय करायचा ते सगळ्यात शेवटी ठरायचं.

त्यातलाच एक साहेब आमच्या अंगणात आला. इंजिनियर, चांगली नोकरी सोडलेला, ऑफिसातले चौघे भागीदार गोळा केलेले.

"काका, जागा तुम्हाला ठाऊक आहे, सक्शन पंप माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभरात काढता ती रेती पंप तासाभरात ओढेल. पार्टनर व्हा."

"पंपाला चिखल कळतो?"

"चाळणी असते ना."

"मग चाळणीलाच करा पार्टनर."

माझ्या होडीवर तीन घरं जेवत होती. एक माझं, दोन दोरी ओढणाऱ्या माझ्या चुलतभावांची. आणि तिन्ही घरांचं जेवण त्या एका बांबूखाली होतं. तिथे पंप बसला की महिन्याभरात तळ साफ, हे मला कळत होतं. पुढे तसंच झालं म्हणा. ती कंपनी दोन पावसाळे टिकली नाही, पण तिच्यामागून दुसऱ्या आल्या आणि त्यांनी खाडी खरवडून नेली, काठ ढासळवले. पंप जिंकले. ते मला कोणी शिकवायला नको.

बायकोचं म्हणणं निराळं होतं.

"अवो, कानान पू हाय तुमच्या. काठाव बसून बोट दाखवाचा, त्याचं पैसं मिलतान. वायट काय त्यान?"

"मी बोट दाखवनारा मानूस नाय."

"मंग बुरा पान्यान," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

आठ दिवसांनी साहेबाचा बार्ज आला, पंप चढवलेली सपाट लोखंडी नाव. उद्घाटन होतं. बार्जवर झेंडूची तोरणं, पेढ्यांचे खोके, चौघे भागीदार इस्त्रीच्या पँटीत, आणि एक भटजी. मी होडीतून ओरडलो, "साहेब, इकडे आणू नका, पाणी अजून उतरतंय."

त्याने खिशातून भरती-ओहोटीच्या वेळांचं छापील पुस्तक काढून हवेत धरलं. "काका, ओहोटी सव्वादहाला संपली. आता भरती सुरू."

पुस्तक खोटं नव्हतं. फक्त ते मुंबईच्या गोदीचं होतं. गोदीतलं पाणी फिरल्यावर आमच्याकडचं फिरायला आणखी दोन तास लागतात. हे आमच्या बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत, पण ते पोर कुठे छापलेलं नसतं.

बार्ज उथळावर चढला आणि बसला. पाणी त्याच्याखालून सावकाश निघून गेलं. आधी थोडा कलला, मग बराच. पेढ्यांचे खोके घसरत एका कोपऱ्यात जमले, त्यांच्या मागोमाग भागीदार. बंदरावर जाळी सुकवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने हाक मारली, "ओ डायरेक्टर, पेढं इकडं टाका, पान्यान कशाला?" भटजींना दुपारी दोन वास्तुशांती होत्या. ते मंत्र सोडून घड्याळ बघायला लागले.

शेवटी मीच चिखलावरून फळी सरकवत गेलो.

"बूट काढा," मी म्हणालो. "पँट गुडघ्याच्या वर घ्या. लेटरहेड डोक्यावर धरा."

सगळ्यांना काठावर आणलं. भटजींना पाठीवरून. चार वाजता बार्ज आपला आपणच तरंगला, तोवर पंप बघायला कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी साहेब पुन्हा अंगणात हजर. पायाचा चिखल पोटऱ्यांवर वाळलेला. माणूस चिवट होता, तेवढं मी कबूल करतो.

"काका, उद्या ओहोटी कधी संपेल? खरं सांगा."

"एकच्या सुमाराला पाणी फिरेल. त्यानंतर आणा."

खरं तेच सांगितलं. पाण्याची वेळ मी कधी कोणाला खोटी सांगितली नाही. खाली माणूस असतो.

"थँक्यू. मग उद्या आम्ही पंप तुमच्या बांबूशेजारीच लावतो," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. परमिट आम्हीही काढलंय, आणि खाडी काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही."

त्याच्यामागून आलेला माझा थोरला चुलतभाऊ पायाच्या नखांकडे बघत म्हणाला, "दादा, आमी दोगं उद्यापासून बार्जव जाताव. पगार हाय तिथं."

म्हणजे ठरवून आलेले.

"जा," मी म्हणालो. "मशीनला तेल घाला."

बायकोने चुलीकडून सगळं ऐकलं. मला वाटलं आता सुनावणार. पण तिने नुसतं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीकडे गेलो, तर बायको आधीच आत बसलेली. लुगडं वर खोचलेलं, दोरी हातात.

"तू कशाला?"

"खाली जाल नि वर नाय आलंव, तं कोन काढील? ते पगारी?"

बांबूपाशी गेलो. दोघांनी मिळून हलवून हलवून तो उपटला. ती म्हणाली, "आता ह्यो घरी न्यावाचा?" मी नाही म्हटलं आणि होडी पलीकडच्या काठाकडे वळवली. तिथे मी एकदाच उतरलेलो, आणि अंगठ्याला काळ्या चिखलाशिवाय काही लागलं नव्हतं. तिथे बांबू रोवला, पहिल्यापेक्षा सरळ. रेती संपली की बांबू हलवायचा हे आमचं नेहमीचंच, म्हणून भावांनाही शंका येणार नव्हती. पाण्याची वेळ त्यांना खरी सांगितली होती. बांबूचं मला कोणी विचारलं नव्हतं.

मग मागे आमच्या जागेवर आलो, नांगर टाकला, त्याचीच दोरी धरून खाली गेलो. पहिली बालदी मी अर्धीच भरली, वर ती एकटी म्हणून. वर आलो तर रेती होडीत ओतलेली, आणि ती बालदी माझ्याकडे ढकलत होती.

"अर्धी कशाला? मना काय म्हातारी समाजलंव?"

दुसरी भरून दिली.