लाकडी गावात दिवा

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सीमा उघडल्याबरोबर आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून गाडीत कणीक, तूरडाळ आणि प्रेशर कुकर भरून नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलो. चार महिने एका फ्लॅटमध्ये एकमेकांच्या मीटिंगा ऐकून नवरा आणि मी दोघंही विटलो होतो. त्या जुन्या बंदराच्या गावात सगळंच लाकडाचं होतं. घरं, कुंपणं, जिने, धक्क्यावरची गोदामं. पांढऱ्या फळ्यांची घरं इतकी खेटून उभी की बोळातून जाताना कोपर भिंतीला लागायचं. विटांच्या देशातून गेलेल्या मला आधी हेच वाटलं, की हे सगळं अजून उभं कसं?

गाव एकदा पूर्ण जळलं होतं, हे आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. किल्ली त्यांनी कठड्यावर ठेवली, चार पावलं मागे सरकल्या आणि एकच नियम सांगितला: घरात ज्योत पेटवायची नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. मी मान डोलावली. मेणबत्त्या लावायला आम्ही काय मधुचंद्राला आलो होतो?

दोन-तीन दिवसांनी भावाचा पुण्याहून फोन आला. बाबांना आणि त्याला, दोघांनाही लागण झाली होती. बाबा हॉस्पिटलात, तो कोविड सेंटरमध्ये. परत फिरावं म्हटलं, तर फिरून जायचं कुठे? भारतात जाणारी विमानं बंद होती. आइंडहोवनहूनही मी फोनच करत बसले असते. मग एका दुपारी त्याने सांगितलं की बाबा सकाळी गेले. महापालिकेच्या माणसांनी परस्पर सगळं उरकलं होतं. आई आधीच गेलेली, त्यामुळे पुण्याच्या घराला आता कुलूप होतं.

मला रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली, की घरात दिवा कोण लावणार? माणूस गेलं की आमच्याकडे वात दक्षिणेकडे करून दिवा लावतात आणि दहा दिवस तो विझू देत नाहीत. आईच्या वेळी बाबा स्वतः उठून उठून तेल घालत होते. नवरा म्हणाला, आइंडहोवनला गेल्यावर लावू. मी म्हटलं, आज गेलेत, आजच लावायचा. मूठभर कणीक भिजवून दिवा केला, मेकअप पुसायच्या कापसाची वात वळली आणि समुद्राकडच्या खिडकीत, लाकडी चौकटीवर ठेवून पेटवला. नियम आठवत होता, पण तेव्हा नियमाला विचारतो कोण.

थोड्याच वेळात दारावर थाप पडली. मालकीणबाई अंगणात उभ्या होत्या, हातात पाण्याची बादली. आवाज न चढवता इंग्रजीत म्हणाल्या, ज्योत विझवा. माझं डोकंच फिरलं. इतके दिवस कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं, आता समोर त्या सापडल्या. माझे वडील आज गेलेत, हा दिवा विझणार नाही, तुमचं घर एवढं मोलाचं असेल तर आम्हाला बाहेर काढा, असं मी वाट्टेल ते बोलले. नवरा माझा दंड धरून उभा होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बादली खाली ठेवली. हा दिवा किती दिवस ठेवतात, असं विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी अंगणात नजर फिरवली. मग म्हणाल्या, घराच्या आत आग नाहीच, कारण प्रश्न एकट्या माझ्या घराचा नाही, सगळ्या गल्लीचा आहे. पण अंगणात दगडी ओटा आहे, तिथे चालेल. मात्र आमच्या गावची रीत अशी की पेटत्या आगीजवळ माणूस बसलं पाहिजे. तिला एकटं सोडायचं नाही.

गोदामातून त्यांनी बोटीवरचा जुना कंदील आणला. त्याची एका बाजूची काच फुटलेली होती. मी कणकेचा दिवा त्यात ठेवला आणि ओट्यावर बसले. मग नवरा बसला. संध्याकाळी, ऊन अजून लख्ख असताना, बाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. तेल कसं घालायचं तेवढं दाखवा आणि दोघंही आत जाऊन काही खाऊन घ्या, म्हणाल्या.

आत गेले तोच भावाचा व्हिडिओ कॉल आला. मास्क लावून तो खाटेवर बसला होता, मागे खाटांची रांग. मी त्याला दिव्याचं सांगितलं.

"ताई, बाबांजवळ कोणी नव्हतं गं," तो म्हणाला. "नर्सलासुद्धा नंतर कळलं. दिव्याजवळ तरी कोणी आहे का आत्ता?"

मी फोन अंगणाकडच्या खिडकीबाहेर धरला. समुद्रावरून वारा सुटला होता. बाईंनी खुर्ची फिरवून फुटक्या काचेकडे घेतली होती आणि वाऱ्याकडे पाठ करून, कंदिलावर वाकून त्या बसल्या होत्या.

"कोण आहेत त्या?"

"शेजारच्या आहेत," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू फुटलं. तिकडे तोही रडत होता. त्याला दिसत राहावं म्हणून मी फोन तसाच खिडकीबाहेर धरून ठेवला.