यमुनेच्या दारावरून

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळही नाही. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही, पण समोर कुणी आपलं माणूस बसलं आहे असं धरून लिहिते — तोंडाने मला सांगता येणार नाही. तोंडाने मला कधीच काही सांगता आलं नाही, आणि या गोष्टीचं मूळही तिथंच आहे.

आमचं गाव आसेगावच्या बाजूला. ज्या सालची ही गोष्ट, त्या साली आपलं वऱ्हाड अजून मध्यप्रदेशात होतं. एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात निंदणीला बाया लागत, आणि त्या बायांवर मुकादमीण म्हणून त्या मालकाने मला नेमलं. का नेमलं? मी चौथी शिकलेली होते, हजेरी मांडता येत होती — एवढंच. बायांसमोर मान वर करायची मला भीती वाटे. अशा बाईने दुसऱ्यांना काम सांगावं का? पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

पहाटे दारोदार जाऊन बायांना हाक मारायची हे मुकादमिणीचं काम. ज्या दारात हाक जाईल ती बाई त्या दिवशी कामाला. मग वावरात पोचल्यावर पाती वाटून द्यायच्या. पात म्हणजे एकेकीने निंदायच्या ओळी. कुठे गवत दाट असतं, कुठे विरळ. विरळ पात रोज एकाच बाईला मिळायची — माझ्या थोरल्या जावेला. मी काही मुद्दाम — नाही, मुद्दामच देत होते. संध्याकाळी मला तिच्याच चुलीपाशी बसायचं असे. दाट पात दिली की ती घरी भांडी आपटायची, आणि मी त्या आवाजाला भ्यायचे.

बायांना ते दिसत होतं. दिसणारच. पण मुकादमिणीला तोंडावर कोण म्हणणार? आमच्याकडे त्याला एक वाट असते. निंदताना बाया गाणं म्हणतात, आणि जे बोलता येत नाही ते गाण्यात घालतात. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि कुणी काही बोललं असंही होत नाही. यमुना त्यात हुशार होती. हातही चालायचा, तोंडही. एका दुपारी तिने ओळ उचलली —

वावरातल्या गवताले किती समज हाय बाई,
जावेची पात दिसली का उगवतच नाई.

बाया खुरपी खाली ठेवून हसल्या. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू? फार नीट सांगितलं होतं तिने. रागाने नव्हे — माझी लाज राखून. त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, खरं आहे यमुने, उद्यापासून पाती फिरवू. एवढं बोलायला काय लागलं असतं?

जाऊ उठून उभी राहिली. "आयकलं ना? आता तू मुकादमीन हायस का ते यमुना, तेवढं सांग मले."

मी खाली मान घालून खुरपं चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यमुनेच्या दारावरून गेले — आणि हाक मारली नाही. आत भाकर थापल्याचा आवाज येत होता. ती तयारीतच होती. मी पावलं हळू टाकली, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. पुढच्या गल्लीतून दुसरी बाई घेतली.

संध्याकाळी ती घरी आली. सरळ विचारलं तिने. "बाई, माहं काही चुकलं का? गान्याचा राग आला का तुमाले?"

किती सोपं करून दिलं होतं तिने मला. आणि मी काय म्हणाले? "नाई वं यमुने. मालकच म्हन्ले, तिले आनू नको."

"मंग माह्यासाठी एकडाव बोलून पाहा ना त्यायच्यापाशी."

बोलते म्हणाले. काही दिवसांनी ती परत आली, तेव्हा सांगितलं — बोलले गं, पुन्हा पुन्हा बोलले, ते ऐकत नाहीत. मालकाजवळ मी अवाक्षर काढलं नव्हतं. यमुना कोण हेही त्यांना ठाऊक नसेल.

आमच्या गावात एका मुकादमिणीने सोडलेली बाई दुसरी घेत नाही. काही तरी केलं असेल म्हणतात. यमुना घरी बसली. आधी तिची शेळी गेली, मग दाराला कडी लागली. नवरा-बायको मानोऱ्याकडे सडकेच्या कामाला गेली.

वावरातलं गाणं बंद झालं. गप्प बसा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं — म्हणायची गरज होती का? पुढे मी पाती फिरवून द्यायला लागले. जावेची भांडी सोसली. बायांना विचारूही लागले, माझं काही चुकत असेल तर सांगत जा. "नाई बाई, सारं बरं हाय," म्हणायच्या आणि निंदायला वाकायच्या. मालक म्हणाले, या टोळीत कुरबुर नाही, मुकादमीण असावी तर अशी. मी ते ऐकून घेतलं.

गेल्या साली एका लग्नाला आम्ही मानोऱ्याला चाललो होतो. सडकेच्या कडेला बाया खडी फोडत होत्या. त्यातली एक उठली आणि पदराने तोंड पुसत गाडीपाशी आली. यमुना. वाळून गेली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं.

तिने मागे वळून बायांना सांगितलं, "ह्या आमच्या गावच्या मुकादमीनबाई. माह्यासाठी मालकासंगं भांडल्या. पन तो मानूस आयकलाच नाई."

बाया माझ्याकडे भल्या नजरेने पाहू लागल्या. एकीने पाणी आणून दिलं. मी ते प्याले.

मग नवऱ्याने बैल हाकले. तोंड उघडायला पुरेल एवढा वेळ होता, आणि मी उघडलं नाही. मालकाने काहीच म्हटलं नव्हतं. यमुनेने मला खरं सांगितलं, म्हणून मी तिचं काम काढून घेतलं.