मामा माझ्याबरोबर होते

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती खोटी आहे, हे फक्त मला ठाऊक आहे — आणि आजवर मी ते कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तिच्यापाशी तर नाहीच. मग तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथं नवी यंत्रं यायची होती आणि ती चालवायचं शिकायला मला तीन महिने इंग्लंडला धाडायचं ठरलं. आमच्या घराण्यात विमानात बसणारा मी पहिला. सांगलीत सूट शिवला, टायची गाठ आरशासमोर आठवडाभर घोटली — काय मिजास होती मला! तेवढ्यात आटपाडीहून तुकामामांचा निरोप आला. त्यांचा थोरला लंडनला नोकरीला. त्याला मुलगा झाला होता आणि त्यानं बापाचं तिकीट काढलं होतं. मामांना माझ्याच विमानानं यायचं होतं. आईच्या सख्ख्या भावाला नाही कसं म्हणणार?

मामा आले ते धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडं अशा थाटात. कमरेच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा — देवाची हळद, नातवाच्या कपाळाला लावायला. मुंबईच्या विमानतळावर लोक वळून बघू लागले. खरं सांगू? ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्यांची मला लाज वाटली. मी दोन पावलं पुढंच चालत राहिलो.

वाटेत जर्मनीत विमान बदलायचं होतं. त्या काळात विमानं पळवायचे प्रकार वाढले होते, म्हणून बंदूकधारी पोलीस एकेकाला चाचपून, सामान उघडून बघत होते. माझी तपासणी उरकली, मी पलीकडे गेलो. मामांच्या पाळीला शिपायानं पिशवी उघडली, पिवळी पूड पाहिली आणि हुंगायला मान खाली घातली. आता, आमच्याकडे भंडारा उघडला की समोरच्याला लावल्याशिवाय पिशवी बांधत नाहीत — मग तो पाटील असो नाहीतर पोलीस. मामांना वाटलं, साहेबानं कपाळ पुढं केलं. त्यांनी चिमूट घेतली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाले आणि त्याच्या कपाळाला फासली.

शिपाई ओरडून मागं सरला. दोघांनी मामांचे हात पिरगळले. एकानं त्यांचं मुंडासं सोडायला घेतलं — हातभर, आणखी हातभर, सगळ्या रांगेसमोर. बोडक्या डोक्याचे मामा मी कधी पाहिले नव्हते. ते मला हाका मारत होते, "सदा, आरं सांग की ह्यास्नी, द्येवाचं हाय म्हणावं!" एक अधिकारी त्या हाकेच्या रोखानं माझ्यापाशी आला. इंग्रजीत विचारलं, हा माणूस तुमच्याबरोबर आहे का?

नाही, म्हणालो.

घाबरलो होतो का? होतो. पण त्याहून जास्त काळजी होती ती त्या सुटाची — माझ्याकडे वळलेल्या नजरांची. मामांना एका खोलीत नेलं. मी बाकावर बसलो आणि कोणाचं तरी टाकलेलं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. जर्मन होतं ते. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं.

मामांना सोडवलं एका अनोळखी सरदारजींनी. ते रांगेत मागे होते. हा आमचा माणूस आहे, असं सांगून ते थेट त्या खोलीत शिरले. तासाभरानं मामांना धरून बाहेर आले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. मामांची मात्र पक्की समजूत झाली होती की सरदारजींना मीच आत धाडलं. "म्या बघितलं की, तू सायबाशी बोललास," म्हणाले आणि माझा हात धरून रडले. मी हात सोडवून घेतला नाही. खरंही सांगितलं नाही.

परतल्यावर मामांनी ही गोष्ट आटपाडीभर केली. वर्षाच्या आत ते आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "परमुलखात ज्यानं मला टाकलं न्हाई, त्यो माझ्या पोरीला काय टाकंल?" आमच्यात मामाची मुलगी करतातच. पण शेवंताला चांगलं फौजेतलं स्थळ आलं होतं, ते मामांनी माझ्यासाठी परतवलं. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं ना? मुंडावळ्या बांधून मी बोहल्यावर उभा राहिलो.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवंता ही गोष्ट आधी मुलांना सांगायची, आता नातवंडांना सांगते. मुंडासं सोडल्याचं सांगताना अजून तिला रडू येतं. मग डोळे पुसून माझ्याकडे वळते, "आवं, तवा तुमी सायबाला विंग्रजीत काय म्हणाला, सांगा की पोरास्नी." मी एक लांबलचक, ठसकेबाज इंग्रजी वाक्य ठोकून देतो. पोरं टाळ्या पिटतात. शेवंता माझ्याकडे अशी बघते, की तसं आजवर माझ्याकडे दुसरं कोणी बघितलेलं नाही.

कालही ते वाक्य मी म्हणून दाखवलं.