आमचा लांडगा
अमेरिकेत बॉथेलला लेकीच्या बाळंतपणाला आले आणि अडकले. गाडी चालवता येत नाही, पायी जावं तर जायचं कुठं? नातू दिवस भरायच्या आधीच आला. तो हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, लेक दिवसभर त्याच्या उशाशी, आणि मी घरात भिंतींशी बोलत बसलेली. तिची आधीची दोन पोटातच गेली होती. हाही गेला तर लेक हातची जाईल, हीच धास्ती.

त्यात जावयानं सांगितलं, नाव ठरलंय, वुक. तो सर्बियाचा. वुक म्हणजे लांडगा.

माझं डोकंच फिरलं. अहो, ओंजळीत मावेल एवढं लेकरू, आणि त्याला लांडगा? जगात देवांची नावं संपली होती का?

त्या दुपारी तो मला हॉस्पिटलात घेऊन निघाला आणि हायवेवर ट्रॅफिकमध्ये आम्ही जे अडकलो, ते अडकलोच. अंगावर पट्टा, पुढं गाड्या, मागं गाड्या. मला राहवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्याला चांगला धुऊन काढला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं मुलाचं नाव वुक ठेवायचे. पोरं खाणारी चेटकीण लांडग्याला भिते म्हणून."

माझ्या वडिलांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून माझ्या आजीनं पोराला धोंडा म्हटलं. धोंड्याला कोण कशाला नेतंय!

"मला खरं तर दुसरं नाव हवं होतं," तो म्हणाला. "माझ्या आजीकडून ही गोष्ट ऐकली तेव्हापासून तुमच्या मुलीनंच हट्ट धरलाय."

माझ्या मुलीनं? दृष्ट काढायला गेले की "आई, प्लीज, हा नॉनसेन्स बंद कर" म्हणणारी ती! एवढी भ्यालीय पोर, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. मला गाडीतच रडू आलं.

पोचलो तेव्हा ती पेटीच्या भोकातून हात घालून बसली होती. तिथं सगळे कुजबुजत बोलतात. मी दारातूनच, कुठं चेटकीण असेल तर तिलाही ऐकू जावं म्हणून, मुद्दाम खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं, आमचा लांडगा कसा आहे?"

नर्सनं दचकून वळून पाहिलं. लेकीनंही पाहिलं, आणि बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिला हुंदका फुटला.

"आई," ती म्हणाली, "अजून एकदा म्हण. मोठ्यानं."