फ्लॉवरचा पिझ्झा

किसलेला फ्लॉवर तव्यावर परतू लागला की आधी एक कच्चा, उग्र दर्प उठतो. मग ओलावा सरत जातो तसा तो निवळतो आणि भाजल्या शेंगदाण्याच्या जवळपास जाणारा एक सौम्य, उबदार गंध घरभर दरवळू लागतो. साठी उलटेपर्यंत हा गंध मला ठाऊक नव्हता, कारण शाहूपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी कधी गेलोच, तर फार तर चहा गरम करायला.

गेल्या वर्षी सुमनच्या, माझ्या पत्नीच्या, रक्तात साखर निघाली. भात, भाकरी, मैदा, सगळ्यांना डॉक्टरांनी कात्री लावली. लेकीने लावलेली पिझ्झ्याची गोडी तिला किती अनावर होती म्हणून सांगू! आता ती माझं पान वाढायची आणि वाटीभर उसळ घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच खायची. तिचं ते एकटं जेवण मला सलू लागलं. एका आजाराने आमच्या इतक्या वर्षांच्या सहवासात केवढी फट पाडावी, असं मी मनाशी म्हणत राहिलो. अखेर एका रविवारी ठरवलं की मैद्याविना पिझ्झा आपणच करायचा आणि तिला शेजारी बसवून खायचा.

कृती लेकीने फोनवर सांगितली होती: फ्लॉवर किसून परतायचा, निवला की फडक्यात घट्ट पिळायचा, अंडं आणि चीज घालून तव्यावर थापायचा. मी नेमकं पिळायचंच विसरलो. मिश्रण सैल झालं, आणि सैल झालेलं काहीही आवळायचं म्हटलं की आपल्याकडे हात जिथे जातो तिथेच माझाही गेला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. दोन मुठी पीठ पडलं, गोळा देखणा जमला आणि मी स्वतःवर खूश झालो. सुमन दारातून बघत होती. "पीठ घातलंसा व्हय? मग भाकरीनं काय घोडं मारलं हुतं?"

दुसरा फ्लॉवर किसला. ती स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "जोर लावा की वो. धुणं पिळतोय तसं पिळा. पर तुमी धुणं तरी कवा पिळलंय म्हणा." फडक्यातून वाटीभर पाणी निघालं आणि माझ्या कपाळावरून जवळपास तेवढंच. एवढ्याशा भाजीत इतकं पाणी दडलेलं असतं, हे पिळल्याशिवाय कुणाला कळणार? तळ दोन्हीकडून खरपूस भाजला, वर टोमॅटो, ढोबळी मिरची, चीज आणि जिच्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही ती कांदा-लसणाची चटणी.

एवढ्याशा पिझ्झ्याचे दोनच तुकडे झाले. तिला खुर्चीवर बसवून मी पहिला वाफाळता तुकडा तिच्यापुढे ठेवला, दुसरा माझ्या ताटलीत घेतला. "चांगला झालाय की," ती म्हणाली. माझं मन भरून आलं आणि मी बोलून गेलो की किती महिन्यांनी आज आपण सोबत जेवतोय.

तिने घास चावून संपवला. "आधी तरी कवा जेवलोय वो सोबत? मी मागनंच जेवत हुते की."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. अडतीस वर्षांतलं एखादं तरी जेवण मी आठवू पाहिलं. तव्यावर टम्म फुगणारी भाकरी आठवली, ती माझ्या पानात पडायची ते आठवलं. तिचं पान मात्र कुठेच दिसेना. ते अंतर आजाराने पाडलं नव्हतं. मी ते फक्त आजारपणात पाहिलं होतं, आणि त्याची मला मनापासून लाज वाटली.

तिला आणखी एक तुकडा हवा होता. मी उठलो, उरलेल्या मिश्रणाचा दुसरा तळ भाजला, चीज वितळेपर्यंत थांबलो, तिला वाढलं. परत येऊन बसलो तेव्हा माझ्या ताटलीतला तुकडा गार होऊन वातड झाला होता. "आणा, गरम करून देते," म्हणत ती उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तो गार तुकडा, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.